शेवटी कोण

फिआनारांत्सोआत वीज जाते तेव्हा
मादाम व्होआहांगी खडू थांबवत नाहीत.
फळ्यावरचं अर्धवट झाड
आमच्या मोबाइलच्या उजेडात पुरं होतं.
मूळ वर, पानं खाली.

मागून तोव्हो ओरडतो, बाओबाब!
त्या पाठमोऱ्याच विचारतात,
पाहिलायस कधी? कॅलेंडर सोडून?
तोव्हो गप्प.
आम्ही डोंगरातली माणसं,
आमच्याकडे भात, द्राक्षं आणि धुकं.

मग एकेका पानावर शब्द, आमच्या भाषेच्या क्रमाने:
उचलते. टोपली. ती बाई.
आधी काम, मग वस्तू,
करणारी सगळ्यात शेवटी.

"ही पावाच्या दुकानापुढची रांग नव्हे," मादाम म्हणतात,
"उचलते आणि टोपली एका फांदीवरचे,
एका ताटात जेवलेले.
विश्वास नाही? दोघांना उठवा,
त्यांच्या जागी 'तसंच करते' बसवा.
वाक्य मोडलं? नाही ना? मग फांदी खरी.
आणि बाई त्या दोघांच्या वर.
ऐकू येते शेवटी, बसते उंचावर."

शुक्रवारच्या बाजारात पाटी होती:
टोप्या आणि पिशव्या जुन्या.
सोलोने टोपीला नव्याचे पैसे मोजले.
मादामनी त्याला फळ्यापाशी बोलावून
दोन झाडं काढायला लावली.
एका झाडात सोलो शहाणा होता.
टोपी त्याने तरीही काढली नाही.

आमच्या घरी व्याकरण पहाटे चारला उठतं.
आई साच्यात तांदळाचे गोल मोफो भाजत असते.
परवा उतारावरून मामाची हाक आली,
"मेलं काल रात्री खाचरात..."
आणि तो दम खायला थांबला.
आमच्या क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाही,
माणूस-जनावरही नाही,
त्यामुळे आईच्या चेहऱ्यावर एकेक करून
सगळे मरून गेले:
आजी, धाकटा मामा, शेजारची लाला,
आणि मनाकाराच्या गाडीने गेलेला तो.
"...बदक," मामा म्हणाला.
आई इतकी हसली की चार मोफो करपले.

आज मादाम म्हणाल्या, नियम ऐका.
प्रश्न फक्त वर बसलेल्याबद्दल विचारता येतो.
कोण उचलतं टोपली? चालेल.
काय उचलते ती बाई? जगात पुष्कळ ठिकाणी चालेल,
आपल्याकडे नाही.
आधी क्रियापद फिरवा,
'उचलली जाते बाईकडून टोपली' म्हणा.
टोपली वर चढली की मग तिची चौकशी करा.
बाई आता फांदीच्या पोटात गेली.
तिथून तिला बाहेर काढता येत नाही.

मी वहीच्या कडेला आईचं वाक्य लिहिलं,
सहा वर्षं रोज ऐकलेलं:
नेलं गेलं त्याच्याकडून शिवणयंत्र.
कधी रेडिओ. कधी मोठं पातेलं.
प्रत्येक वेळी वर एक वस्तू,
आणि तो खाली, पोटात, दोन फांद्यांच्या बेचक्यात.
मला वाटायचं तिला यंत्राची हळहळ आहे.
झाड तीनदा काढून पाहिलं.
तीनदा तसंच आलं.

पहाटे मी साच्याशेजारी बसलो.
म्हटलं, आई, कोणी नेलं यंत्र?
क्रियापद सरळ ठेवलं होतं,
म्हणजे शेवटची जागा त्याची,
वर, एकट्याची, मोकळी.
तिने पीठ ओतलं. साचा चरचरला.
एक मोफो काडीने उलटला, मग दुसरा.

"करपेल," ती म्हणाली.
काय, ते मी थांबून ऐकलं.
पुढे काही आलं नाही.